‘शक्य’ शब्दाचा एक निवाडा

शाळेनें ठरविलेला वेष व घराण्याचा परंपरागत आचार यांचा कलह जुंपला म्हणजे निर्णय कधीं कधीं एखाद्या शब्दाच्या अर्थावर येऊन ठेपतो. ‘मांडला विरुद्ध डॉवेल ली’ हा इंग्लंडांतील खटला त्या दृष्टीनें आम्हांस टिपून ठेवण्याजोगा वाटतो.

इ. स. १९७८ मध्यें बर्मिंगहॅमच्या पार्क ग्रोव्ह या खाजगी शाळेनें एका शीख मुलास प्रवेश नाकारला. कारण, पगडी व न कापलेले केस वेषनियमांत बसत नव्हते. मुलांमुलांतील बाह्य भेद पुसावे, ही मुख्याध्यापकांची भूमिका. बापानें १९७६ च्या वंशसंबंध कायद्यान्वयें दाद मागितली. अपील न्यायालयांत लॉर्ड डेनिंग यांनीं कोश चाळून शीख हा वंशसमूह नव्हे, असें ठरविलें (१९८२). ता. २४ मार्च १९८३ रोजीं लॉर्डांच्या सभेनें तो निर्णय फिरविला. दीर्घ सामाईक इतिहास व स्वतःची सांस्कृतिक परंपरा हीं अशा समूहाचीं आवश्यक लक्षणें, असें लॉर्ड फ्रेझर यांनीं प्रतिपादिलें.

राहिला प्रश्न, नियम पाळणें मुलास ‘शक्य’ होतें काय? हातांनीं पगडी उतरवितां येतेच. परंतु समाजाच्या आचारास बाध न आणतां जें करतां येतें तेंच शक्य, असा अर्थ सभेनें घेतला. वाच्यार्थ सोडून तात्पर्य पाहण्याची ही रीति मीमांसकांस परकी वाटूं नये.

गणवेष तपासण्याचें काम आम्हींहि अनेक वर्षें केलें. पण या लहानशा शब्दांत एवढें सामावलें आहे, हें तेव्हां आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.