शब-ए-मालवा आणि रात्रीचे दहा

‘सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-मालवा’ हे इंदुरात जन्मलेल्याला कोणी शिकवावं लागत नाही. आपलं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच. मे महिन्यात दुपारी पारा चाळिशी गाठतो आणि पहाटे पंचविशीच्या आसपास उतरतो. सूर्य सातच्या सुमारास मावळतो, पण भिंती आणि फरशा गार व्हायला नऊ-साडेनऊ होतात. खरी ‘शब’ तिथून सुरू होते. सराफ्यातली खाण्याची गर्दीही त्याच वेळी वाढू लागते.

जुन्या इंदूरच्या गाण्याबजावण्याचं घड्याळ याच रात्रीवर लावलेलं होतं. होळकर दरबारात नानासाहेब पानसे यांचा पखवाज घुमला, सारंगिये शाहमीर खाँ इथे राहिले आणि त्यांचे चिरंजीव अमीर खाँ इथेच वाढले. त्या मैफलींना ध्वनिवर्धक नव्हता. आवाज पोचेल तेवढेच श्रोते, आणि संपण्याची वेळ कलाकार ठरवणार. आपल्या जुनी इंदूरच्या शनि मंदिरात शनि जयंतीला, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या अमावास्येला, संगीताचा उत्सव होतो. तोही याच परंपरेतला.

आता रॉककडे येतो. मंडळातल्या काही ज्येष्ठांना हा विषय ‘इतिहास’ वाटत नाही, हे मला ठाऊक आहे. पण २००६ च्या अखेरीस इंदुरात ‘निकोटीन’ हा मेटल बँड उभा राहिला. गायक दिग्विजय भोसले, गिटारवर अनिरुद्ध गोखले. मध्य भारतातल्या सुरुवातीच्या मेटल बँडमध्ये त्याची गणना होते. आडनावं पाहा, म्हणजे हा आपल्याही घरचा इतिहास आहे हे कळेल.

या पिढीची एक गोष्ट माझ्या लक्षात उशिरा आली. कोलाहल नियंत्रणाचा कायदा मध्य प्रदेशात १९८५ पासून आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद, ही रेघ देशभर ओढली गेली ती २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी, आणि १८ जुलै २००५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती पक्की झाली. म्हणजे इंदूरचा मेटल जन्मला तोच दहाच्या काट्याखाली. सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे, पण पोरांच्या बँडसाठी ती कोण मागणार?

याचा अर्थ प्रत्यक्षात काय, ते मी माझ्या पुतण्याच्या बँडबरोबर पाहिलं. काका इंजिनिअर, म्हणून मला साउंडच्या टेबलाशी उभं केलेलं. संध्याकाळी पाचला साउंड चेक. गिटारच्या तारांना हात लावला तर चटका. पोलादी तार तापली की सैलावते आणि स्वर उतरतो. त्या उतरलेल्या तारा पोरांनी पिळून सुरात आणल्या. पुढे हवा जसजशी गार झाली तसतशा तारा आखडल्या आणि स्वर चढू लागला. कागदावर हिशेब केला, तर १० अंशांच्या फरकाला अर्ध्या स्वराचा चांगला पाव हिस्सा सरकतो. दर दोन गाण्यांनंतर ट्यूनिंग! अॅम्प्लिफायरही एकदा तापून बंद पडला. टेबल फॅन लावून तो चालू केला.

साडेनऊला वारा सुटला, लोक गवतावर बसले, बँडचे हात मोकळे झाले. दहाला पाच मिनिटं कमी असताना हवालदार आले. अगदी सौम्यपणे म्हणाले, “भिया, अब समेट लो.” शेवटची दोन गाणी राहिली. पुतण्या घरी येईपर्यंत बोलला नाही.

मी तेव्हा चिडलो होतो. नंतर शांतपणे आकडे मांडले. स्टेजपासून १० मीटरवर १०० डेसिबल असतील, तर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे ६४० मीटरवर, वाटेत आडोसा नसेल तर, ६४ उरतात. निवासी भागाची रात्रीची मर्यादा आहे ४५! त्यातून मालव्याची रात्र. जमीन आधी गार होते, वरची हवा उबदार राहते, आणि वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. दुपारी जो आवाज दोन गल्ल्यांत विरतो, तो रात्री दूरच्या आजारी माणसाच्या उशाशी पोचतो. ज्या गारव्यासाठी आपण बाहेर बसतो, तोच गारवा शेजाऱ्याची झोप मोडतो. हवालदार चुकला नव्हता, पोरंही चुकली नव्हती.

मुंबईच्या धोबी तलावाजवळच्या रंगभवनची गोष्ट अशीच. ‘इंडिपेन्डन्स रॉक’ने गाजलेलं ते खुलं नाट्यगृह शांतता क्षेत्राच्या नियमामुळे अशा कार्यक्रमांना बंद झालं. तिथे निदान आठवणी लिहिल्या गेल्या. आपल्याकडे काय आहे? दरबारी गवयांच्या नोंदी बखरी-दप्तरांत सापडतात. वीस वर्षांपूर्वीच्या बँडचं पोस्टर मात्र कुणाकडे नाही.

म्हणून वाचकांना विनंती. घरात कुणी अशा बँडमध्ये वाजवलं असेल, तर पास, पोस्टर, जुन्या मोबाइलमधलं रेकॉर्डिंग, पोलीस परवानगीचा कागद, जे असेल ते जपा आणि मंडळाला त्याची प्रत द्या. परवानगीचा कागद तर नक्कीच. कार्यक्रम किती वाजता संपवायचा, हे त्यावर लिहिलेलं असतं. शब-ए-मालवा कधी आणि कशी आखूड झाली, याचा तोच पुरावा.