लोकसंगणकाची बखर

लिनक्सवर चालणारा टॅब्लेट हाती घेऊन त्यावर घरखर्चाचा हिशेब, चार ओळींचे पत्र, वर्तमानपत्राचे वाचन आणि बँकेचा व्यवहार अशी नित्याची कामे उरकू पाहणाऱ्या आजच्या माणसाच्या मनावर जो पहिला ठसा उमटतो, तो बहुधा संमिश्र असतो. वाचन सुखाने होते, हिशेबाचा तक्ता विनासायास उघडतो, देवनागरी अक्षरे पडद्यावर स्वच्छ दिसतात. परंतु बँकेने आपले ॲप त्या यंत्रासाठी केलेलेच नसते, पडद्यावरच्या कळफलकावर जोडाक्षरे काढताना बोट घुटमळते, आणि मेजावरच्या संगणकासाठी आखलेल्या खिडक्यांच्या बारीक कडा बोटाला दाद देत नाहीत. असे यंत्र सामान्य माणसाच्या रोजच्या कोणत्या कामाचे, हा प्रश्न मग सहजच मनात येतो आणि तो अगदी ताजा वाटतो. वस्तुतः तो पाव शतकापूर्वी बंगळुरात विचारला गेला होता, आणि त्याचे उत्तर म्हणून जे यंत्र तेथे घडले त्याचा वृत्तान्त आता जवळजवळ विस्मृतीत गेला आहे.

ऑक्टोबर 1998 मध्ये बंगळुरात माहिती-तंत्रज्ञानाचा जो वार्षिक मेळा भरला, त्याच्या निमित्ताने विकसनशील देशांसाठी या विद्येचा उपयोग काय, या विषयावर एक आंतरराष्ट्रीय परिसंवाद झाला. परिसंवादांची फलश्रुती बहुधा ठरावांत होते आणि ठरावांची कपाटांत. येथे मात्र निराळे घडले. भारतीय विज्ञान संस्थेतील संगणकशास्त्राचे चार अध्यापक, स्वामी मनोहर, विजय चंद्रू, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय, यांनी विनय देशपांडे यांच्या एन्कोर सॉफ्टवेअर या बंगळुरातल्याच कंपनीतील सहकाऱ्यांना बरोबर घेऊन नोव्हेंबर 1999 मध्ये एक न्यास स्थापन केला. साधा, स्वस्त आणि अनेक भाषा जाणणारा लोकांचा संगणक, हे त्यांचे उद्दिष्ट. आणि त्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून यंत्राचे नाव पडले सिम्प्युटर. 25 एप्रिल 2001 रोजी त्याचे पहिले नमुने लोकांपुढे ठेवण्यात आले.

तळहातावर मावणारे हे यंत्र रूपाने त्या काळच्या पाम पायलटसारखे होते. 320 गुणिले 240 ठिपक्यांचा एकरंगी पडदा, त्यावर टेकवायची लेखणी, इंटेलचा स्ट्राँगआर्म प्रक्रियक, 32 किंवा 64 मेगाबाइट स्मृती, आणि या साऱ्याच्या मुळाशी लिनक्स. हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने 1991 साली आरंभिलेली ही प्रणाली त्यांनी का निवडली, याची कारणे दोन होती आणि दोन्ही व्यवहारी होती. यंत्राची किंमत नऊ हजार रुपयांच्या आसपास ठेवायची ठरल्यावर प्रत्येक नगामागे परक्या कंपनीचा परवाना-आकार भरणे परवडणारे नव्हते; आणि कन्नड किंवा देवनागरी लिपी पडद्यावर आणण्यासाठी प्रणालीच्या अंतरंगात हात घालायचा, तर त्याकरिता कोणाच्या दारी अर्ज-विनंत्या घेऊन जाण्याची पाळी येणार नाही अशीच प्रणाली हवी होती. लिनक्सचा पुरस्कार पुढे पुष्कळांनी तत्त्वनिष्ठेने केला, परंतु येथे तत्त्व आणि काटकसर एकाच वाटेने चालली होती, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

या योजनेतील सर्वांत मौलिक कल्पना पडद्यात नव्हती, प्रक्रियकात नव्हती. ती यंत्राच्या कडेला असलेल्या एका खाचेत होती. नऊ हजार रुपये ही रक्कम शहरी कारकुनालाही तेव्हा सहज परवडणारी नव्हती, मग शेतमजुराची कथा काय? म्हणून यंत्र एका माणसाचे असावे हा आग्रहच न्यासाने सोडून दिला. यंत्र ग्रामपंचायतीचे, शाळेचे, बचतगटाचे किंवा ते भाड्याने देऊन पोट भरणाऱ्या एखाद्या उद्यमी पोराचे असावे. आणि वापरणाऱ्या प्रत्येकापाशी स्वतःचे एक स्मार्टकार्ड असावे, ज्यात त्याची माहिती, त्याचे हिशेब आणि त्याच्या पसंतीनिवडी साठवलेल्या राहतील. कार्ड खाचेत सरकवले की ते यंत्र तेवढ्यापुरते त्याचे होई, कार्ड काढून घेतले की पुन्हा गावाचे. पेशवाईतल्या दफ्तरात प्रत्येक प्रकरणाचे कागद आपापल्या रुमालात बांधलेले असत; येथे प्रत्येक ग्रामस्थाचा रुमाल त्याच्याच खिशात राहणार होता, आणि तो सोडून वाचण्याची बैठक तेवढी सामायिक असणार होती. व्यक्तिगत मालकी हेच ज्या उद्योगाचे ब्रीद, त्या उद्योगात सामायिक यंत्राची कल्पना इतक्या गांभीर्याने मांडणारे दुसरे कोणी त्या काळी होते असे मला वाटत नाही. आणि तरीही, सिम्प्युटरची आठवण निघाली की लोक त्याच्या किमतीविषयी बोलतात, या खाचेविषयी कोणी बोलत नाही.

निरक्षर माणसाचाही विचार झालेला होता. हिंदी-कन्नडसारख्या भाषांतला मजकूर यंत्राने मोठ्याने वाचून दाखवावा, म्हणून रमेश हरिहरन यांच्या पुढाकाराने ‘ध्वनी’ नावाची वाचाप्रणाली सिद्ध करण्यात आली. ती मुक्त असल्यामुळे यंत्र मागे पडल्यावरही जगली, आणि कालांतराने इतरांच्या श्रमांनी तिला मराठीही वाचता येऊ लागले. यंत्राचे आराखडे कुलूपबंद ठेवायचे नाहीत, असाही निर्णय न्यासाने घेतला. जो कोणी त्यांवरून नवे यंत्र घडवील त्याने ठरावीक मुदतीनंतर आपल्या सुधारणा न्यासाच्या हवाली कराव्या, अशा शर्तीचा एक परवाना त्यांनी तयार केला. संगणकाच्या आज्ञावली मुक्त ठेवण्याची पद्धत तोवर रूढ झाली होती. परंतु प्रत्यक्ष यंत्रालाही तोच न्याय लावणे ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. 2001च्या अखेरीस अमेरिकन लेखक ब्रूस स्टर्लिंग यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या नियतकालिकात त्या वर्षीचा संगणकक्षेत्रातला सर्वांत लक्षणीय शोध म्हणून ॲपल किंवा मायक्रोसॉफ्टच्या मालाऐवजी या बंगळुरी यंत्राचा गौरव केला.

गौरवाने कारखाने चालत नाहीत. न्यासाने दोन कंपन्यांना उत्पादनाचे परवाने दिले. एक एन्कोर, आणि दुसरी विज्ञान संस्थेच्या अध्यापकांनी काढलेली पिकोपेटा. या दुसरीने भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्याशी सहकार्य करून एप्रिल 2004 मध्ये ‘अमिदा’ नावाने आपला सिम्प्युटर विक्रीस काढला. या यंत्रात एक कौतुकाची गोष्ट होती, ती म्हणजे हालचाल ओळखणारे इंद्रिय. यंत्र कलते केले की पान उलटे, आणि ‘गोलगोली’ नावाच्या खेळात गोळी घरंगळत जाई. हाताने खरडलेले पत्र त्याच अक्षरात ई-मेलने पाठवण्याचीही सोय होती, त्यामुळे कोणत्याही लिपीचा प्रश्न परस्पर मिटत असे. पुढे काही वर्षांनी हीच कलती करामत परदेशी फोनांत आली तेव्हा तिचा जयजयकार झाला, हे आठवून आजही हळहळ वाटते. परंतु ज्या ग्रामस्थासाठी हा सारा खटाटोप आरंभला गेला, त्याने कलत्या पानाची मागणी कधी केली होती? साध्या नमुन्यासाठीच दहा हजारांच्या घरातली आणि रंगीत पडद्याच्या नमुन्यासाठी त्याहून पुष्कळ अधिक किंमत मोजू शकणारा गिऱ्हाईक शहरात होता, आणि यंत्र नकळत त्याच्याकडे तोंड करून बसले.

पन्नास हजार नग खपवण्याचे उद्दिष्ट होते. 2005 पर्यंत खपले सुमारे चार हजार. अपयशाची मीमांसा करणाऱ्यांनी सरकारी अनास्थेकडे बोट दाखवले, आणि ते सर्वस्वी चुकीचे नाही. सुट्या भागांची किंमत मोठ्या मागणीवाचून उतरत नाही, आणि मोठी मागणी नोंदवू शकणारा एकच आसामी या देशात होता, तो म्हणजे सरकार. परंतु त्याहून निर्णायक कारण बाजारात उभे होते. 2003च्या पावसाळ्यात रिलायन्सने आरंभी अवघे 501 रुपये घेऊन मोबाइल फोन हाती देण्याची योजना काढली, येणाऱ्या कॉलवरचा आकार त्याच वर्षी नाहीसा झाला, आणि गरीब माणसाने आपली तुटपुंजी शिल्लक कशात घालायची याचा निर्णय कोणत्याही परिसंवादाविना लागला. बोलणे हे त्याचे रोजचेच काम होते. फोनने त्याला नवे काम शिकवले नाही, असलेले काम दूरवर नेले. सिम्प्युटर मात्र त्याला आधी कामे सुचवीत होता आणि मग ती करण्याचे साधन देत होता.

असे असूनही सिम्प्युटर निरुपयोगी ठरला, असा निवाडा देणे अन्यायाचे होईल. कर्नाटकात जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याचा जो उपक्रम चालला होता, त्यात बांधावर जाऊन माहिती टिपण्यासाठी तो प्रायोगिक रीतीने वापरला गेला. वाहतूक पोलिसांनी त्याच्यावर नियमभंगाच्या पावत्या फाडल्या. लोहखनिजाच्या वाहतुकीचा माग त्याच्यावर ठेवला गेला. आणि एन्कोरने त्याच घराण्यातले ‘साथी’ नावाचे यंत्र सैन्यासाठी घडवले. म्हणजे जो लोकसंगणक लोकांच्या घरात शिरू शकला नाही, तो अंमलदाराच्या हातात मात्र शोभून दिसला. यात मला विसंगती दिसत नाही. दफ्तरी कामाला ठरलेले रकाने असतात, भरणारा नेमलेला असतो, आणि भरले नाही तर जाब विचारणारा वरिष्ठही असतो. अशा कामात मंद यंत्रही चालून जाते, कारण ते हातातल्या कागदापेक्षा बरे असले की पुरे. घरातल्या रोजच्या कामाला रकाने नसतात. तेथे मनुष्य पत्र अर्धे सोडून हिशेबाकडे वळतो, हिशेब सोडून बातमी वाचतो, मध्येच कोणाला फोटो दाखवतो; आणि यापैकी एक जरी गोष्ट यंत्राला जमली नाही तर ते यंत्र तो कपाटावर ठेवून देतो. आजचा लिनक्स टॅब्लेट हाती घेणाऱ्याला बँकेच्या ॲपपाशी जी ठेच लागते, ती याच जातीची आहे.

मे 2005 मध्ये एन्कोरने ‘मोबिलिस’ हा मोठ्या पडद्याचा, गुंडाळून ठेवता येणाऱ्या कळफलकाचा लिनक्स संगणक पुढे आणला. केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. योगायोग असा, की त्याच महिन्यात फिनलंडच्या नोकियाने 770 हा आपला लिनक्स टॅब्लेट जाहीर केला. त्याला फोनही करता येत नव्हता; तो केवळ आंतरजालासाठी होता. तो हौशी लोकांचा लाडका झाला आणि हौशी लोकांपुरताच राहिला. 2010 मध्ये आयपॅड आला तेव्हा टॅब्लेट म्हणजे काय हे जगाला जणू प्रथमच कळले, आणि या सर्व पूर्वजांची गणना प्रयोगांत होऊ लागली.

महाराष्ट्राचा या वृत्तान्ताशी संबंध तीन ठिकाणी येतो. पहिले ठिकाण रायगड जिल्ह्यातले खैरात. ‘मुलामागे एक संगणक’ या अमेरिकन चळवळीचा हिरवा-पांढरा संगणक, ज्याचा पडदा फिरवून मिटला की त्याची पाटी होत असे आणि ज्याच्या पोटात लिनक्सच होते, तो 2007 साली तेथल्या धनगरवाड्याच्या लहानशा शाळेतील मुलांच्या हाती आला. सिम्प्युटरने जे सामायिक केले होते, ते या चळवळीने पुन्हा व्यक्तिगत केले, आणि शंभर डॉलरचा संकल्प तिलाही पाळता आला नाही. दुसरे ठिकाण पुणे. तेथल्या मॉड्युलर इन्फोटेकच्या अक्षरवळणांतून आणि रेड हॅटच्या अभियंत्यांच्या जोपासनेतून ‘लोहित’ ही अक्षरमाला लिनक्सच्या जगात मुक्तपणे नांदू लागली. आज त्या प्रणालीवर मराठी मजकूर ठोकळ्यांऐवजी अक्षरांत दिसतो, याचे पुष्कळसे श्रेय या फारशा कोणाच्या ध्यानात न आलेल्या कामाला आहे. तिसरे ठिकाण पवई. ऑक्टोबर 2011 मध्ये 2,250 रुपये किमतीचा ‘आकाश’ टॅब्लेट समारंभपूर्वक प्रसिद्ध झाला आणि त्याच्या मंदपणाबद्दल देशभर टीका झाली; पुढच्या आवृत्तीची जबाबदारी मुंबईच्या आयआयटीकडे आली, तेव्हा दीपक फाटक, कन्नन मौद्गल्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या स्वस्त पाटीवर केवळ अँड्रॉइडवर न थांबता संपूर्ण लिनक्सही चालवून दाखवले, जेणेकरून विद्यार्थ्याला तिच्यावर आज्ञावली लिहिता याव्या आणि सायलॅब या गणिती प्रणालीत गणिते सोडवता यावी.

अँड्रॉइडच्या गाभ्याशीही लिनक्सच आहे, ही गोष्ट तज्ज्ञांना ठाऊक असते आणि वापरणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नसते. अशाच फोनांच्या भरवशावर 15 ऑगस्ट 2021 पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. सातबाऱ्यातील बारा क्रमांकाच्या नमुन्यात पिकांची जी नोंद पिढ्यान्‌पिढ्या तलाठी करीत आला, ती आता खातेदार स्वतः आपल्या शेतात उभा राहून, पिकाचे छायाचित्र काढून, मोबाइलवरून पाठवतो, आणि तलाठी त्यांतल्या काही नोंदी पडताळून पाहतो. कर्नाटकात सिम्प्युटरने बांधावर जे काम अजमावले, जवळजवळ तेच हे काम. फरक इतकाच, की अंमलदाराचा रकाना आता रयतेने भरायचा आहे. प्रत्येक खातेदारापाशी तसा फोन नसतो, म्हणून एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंदणी करण्याची मुभा या योजनेत ठेवलेली आहे. आणि गावोगाव फोन बाळगणारी तरुण मुले शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पिकांच्या नोंदी भरून देत हंगामात बांधाबांधावर हिंडताना दिसतात.