संचालक आणि मर्यादित दायित्व

मर्यादित दायित्वाचे संरक्षण काटेकोरपणे पाहता भागधारकाचे असते. संचालकाला कंपनीची कर्जे फेडावी लागत नाहीत, कारण कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती असते. मात्र याला अपवाद आहेत. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 339 नुसार, कंपनीच्या समापनात, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्याच्या व कंपनी मिटवण्याच्या प्रक्रियेत, धनकोंना फसवण्याच्या हेतूने व्यवसाय चालवल्याचे आढळल्यास, त्यात जाणूनबुजून सामील असलेल्या संचालकाला न्यायाधिकरण कंपनीच्या सर्व किंवा काही कर्जांसाठी व्यक्तिशः आणि अमर्याद जबाबदार ठरवू शकते. असा हेतू सिद्ध करणे अवघड असते. 2016 ची नादारी व दिवाळखोरी संहिता (कलम 66) म्हणूनच एक पाऊल पुढे जाते: नादारीची कार्यवाही टळण्याची वाजवी शक्यता उरलेली नाही हे ज्याला ठाऊक होते किंवा ठाऊक असायला हवे होते, आणि तरीही ज्याने धनकोंचे संभाव्य नुकसान कमी करण्याची दक्षता घेतली नाही, अशा संचालकाला कंपनीच्या मत्तेत स्वतःच्या खिशातून भर घालावी लागू शकते. खासगी कंपनीच्या थकीत आयकराची वसुलीही, घोर हयगय नव्हती हे संचालकाला दाखवता न आल्यास, त्याच्याकडून होऊ शकते. सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 1927 साली कंपन्यांचा पडदा, म्हणजे मालकापासूनचे त्यांचे कायदेशीर वेगळेपण, बाजूला सारला खरा, परंतु तेथे प्रश्न करचुकवेगिरीसाठी कंपन्या काढणाऱ्या मालकाचा होता. संचालकाच्या दायित्वासाठी त्याचा दाखला जपूनच द्यावा.