निरोप ‘पोहोचतो’ केव्हा? अटलांटिकच्या तारेपासून बीडच्या पीकविम्यापर्यंत

१/ १६ ऑगस्ट १८५८. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश अटलांटिकच्या तळाशी टाकलेल्या तारेतून अमेरिकेकडे निघाला. विजेचा संकेत काही क्षणांत पैलतीर गाठत होता. तरीही संपूर्ण संदेश उतरवून घेण्यास सुमारे १६ तास लागले.

२/ निरोपाच्या वाटेत दोन निराळे काळ असतात. एक संकेताच्या प्रवासाचा. तो अंतरावर ठरतो. दुसरा निरोप अक्षरामागून अक्षर तारेवर चढवण्याचा. तो तारेच्या क्षमतेवर ठरतो. अखेरचे अक्षर उतरल्याखेरीज निरोप पोहोचला असे म्हणता येत नाही.

३/ १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबई–एडन तार टाकली आणि मुंबई समुद्रमार्गे लंडनशी जोडली गेली. वाटेतील ठाण्यांवर निरोप उतरवून पुन्हा पुढे पाठवावा लागे. म्हणजे चढवण्याचा काळ दर टप्प्याला नव्याने खर्ची पडे.

४/ १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबईसह मोठ्या शहरांत सार्वजनिक इंटरनेट सुरू केले. सेकंदाला ९,६०० बिटांच्या डायल-अप जोडणीवर एक मेगाबाइट, म्हणजे सुमारे ८० लाख बिट, चढवण्यास जवळपास १४ मिनिटे लागत. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर हेच काम ०.०८ सेकंदात होते.

५/ प्रवासाचा काळ मात्र बदलत नाही. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. मुंबई–बीड मार्ग ४०० किलोमीटर धरला, तर दोन्ही जोडण्यांवर तो २ मिलिसेकंदांचाच. फडातून निघालेल्या उसाच्या बैलगाड्यांचेही असेच असते. बांधावरून एका वेळी एकच गाडी निघत असेल, तर कारखाना जवळ असूनही शेवटची गाडी उशिराच पोहोचते.

६/ २०२० च्या खरिपात पीकविम्याचा ८०:११० हा ‘बीड पॅटर्न’ याच जिल्ह्यात प्रथम राबवला गेला. विम्याचा अर्ज सातबारा, पासबुक यांच्या प्रतींसह ऑनलाइन भरला जातो. अर्धी चढलेली फाइल म्हणजे अर्ज नव्हे. मुदतीच्या शेवटच्या दिवशी एकाच जोडणीवर अनेकांचे अर्ज रांगेत उभे राहतात, तेव्हा पलीकडचा सर्व्हर कितीही वेगवान असला तरी गावातली अरुंद जोडणीच वेळ ठरवते.

७/ ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याच्या, पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेला २०११ मध्ये मंजुरी मिळाली, ती याच शेवटच्या टप्प्यासाठी. बीड आणि मुंबई यांतील अंतर कमी करता येत नाही. बांधावरची वाट रुंद करता येते.