पुष्पक : दोन माणसांचे

दिवाळी आली की घरोघरी पुष्पक विमानाची गोष्ट निघते. लंका जिंकून प्रभू रामचंद्र पुष्पकातून अयोध्येला परतले आणि नगरवासीयांनी दिवे लावले, ही कथा आपण सर्वांनीच आजीच्या मांडीवर ऐकलेली आहे. औरंगपुऱ्यातल्या आमच्या घरीही ती दरवर्षी सांगितली जाते. यंदा मात्र ती सांगताना माझी चांगलीच पंचाईत झाली.

त्याचे असे झाले. वसुबारसेच्या दिवशी नातवाला घेऊन मी बाजारात गेलो होतो. पणत्या, रांगोळी, आकाशकंदील अशी खरेदी आटोपल्यावर त्याने हट्टाने थर्माकोलचे एक छोटे विमान घेतले. घरी येताच गच्चीवरून ते सोडले. त्यात ना इंजिन, ना पंखा, ना रबराचा पीळ. तरी ते गल्लीवरून तरंगत पार समोरच्या वाड्याच्या पत्र्यावर जाऊन बसले. पोरगे चकित झाले आणि मला म्हणाले, "आजोबा, तुम्ही सांगता ना, विमानाचा शोध मुंबईच्या तळपद्यांनी लावला? तेही असेच इंजिनाशिवाय उडवलेत का हो त्यांनी?"

मी गप्प झालो. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगावच्या चौपाटीवर विमान उडविले, राईट बंधूंच्या आधी आठ वर्षे, ही कथा मी त्याला कितीतरी वेळा सांगितली होती. माझ्या वडिलांनी मला सांगितली, मी मुलाला सांगितली, मुलाने नातवाला. पण त्या उड्डाणाचा समकालीन भक्कम पुरावा आजवर कोणी पुढे आणलेला नाही, हे मला पुष्कळ वर्षांपासून ठाऊक आहे. तरीही सांगत आलो. कां, तर ऐकणाऱ्याची छाती फुगते आणि सांगणाऱ्याचीही! नातवाच्या त्या साध्या प्रश्नाने मात्र मला चोरी पकडल्यासारखे वाटले. म्हणून ठरविले की यंदा त्याला खऱ्या माणसाची गोष्ट सांगायची. तीच येथे वाचकांपुढे ठेवतो.

या गोष्टीची सुरुवात महाराष्ट्रात नव्हे, जर्मनीत होते.

ओटो लिलिएन्थाल नावाचा एक जर्मन इंजिनिअर होता. बर्लिनजवळ त्याने मातीची टेकडी रचून घेतली होती. पंख बांधून तो तिच्यावरून उतरे. १८९१ पासून पाच वर्षांत त्याने अशी सुमारे दोन हजार उड्डाणे केली आणि १८९६ च्या ऑगस्टमध्ये त्यातच पडून तो गेला. पुढे पहिले महायुद्ध झाले. जर्मनी हरला आणि १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने त्याच्या लष्करी विमानांवर बंदी आली. इंजिनाची विमाने बांधणेही काही काळ दुरापास्त झाले. पण उडण्याची हौस काही तहाने मरत नाही. इंजिनाला मनाई तर इंजिनाशिवाय उडू, असे म्हणून १९२० पासून तरुण मंडळी ऱ्होन प्रदेशातील वासेरकुप्पे नावाच्या डोंगरावर ग्लायडर घेऊन जमू लागली. अलेक्झांडर लिपिश याच्यासारखे कल्पक रचनाकार तेथेच घडले. १९२९ साली रॉबर्ट क्रोनफेल्डने अशाच बिनइंजिनाच्या विमानातून शंभर किलोमीटरांची मर्यादा ओलांडली.

हे साधते कसे? आपल्याकडे वैशाखात आकाशाकडे पाहावे. दौलताबादच्या बाजूला तापलेल्या काळ्या रानावर घार पंख न हलवता वर वर चढत जाते. जमिनीवरची तापलेली हवा हलकी होऊन खांबासारखी वर जात असते, आणि घार त्या खांबात घिरट्या घालते. ग्लायडर नेमके हेच करते. मात्र त्याला पंख घारीसारखेच लांब आणि अरुंद हवेत. पंखाच्या टोकाशी हवेचे भोवरे उठतात आणि ते विमानाला मागे ओढतात. पंख जितका लांब व निमुळता, तितकी ही ओढ कमी. हे गणिताने मांडून दाखविले ते ग्योटिंगेन विद्यापीठाच्या लुडविग प्रांट्ल या प्राध्यापकाने. वायुबोगद्यात पारखलेले ग्योटिंगेनचे पंखाचे आकार त्या काळी ग्लायडर बांधणाऱ्यांच्या हातात पंचांगासारखे असत.

आता आपला माणूस.

कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लजजवळ हसूरचंपू नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे २४ ऑक्टोबर १९०८ रोजी विष्णु माधव घाटगे यांचा जन्म झाला. मुंबई विद्यापीठात शिकून हा तरुण थेट ग्योटिंगेनला प्रांट्लच्या हाताखाली दाखल झाला आणि १९३६ मध्ये डॉक्टर होऊन परतला. वायुशास्त्राचे जगातले सर्वांत मोठे गुरुकुल पाहून आला खरा. पण येथे त्या विद्येला विचारतो कोण? देशात विमाने बांधण्याचा कारखानाच नव्हता, मग बांधणारा करणार काय!

तो कारखाना काढला आपल्याच सोलापूरच्या एका माणसाने. वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साह्याने १९४० च्या डिसेंबरात बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. घाटगे तिच्यात रुजू झाले. दुसरे महायुद्ध चालू होते आणि कारखान्यात मुख्यतः परदेशी विमानांची जुळणी व दुरुस्ती चाले. त्या धामधुमीत घाटग्यांनी आखलेले पहिले वाहन कोणते असावे? ग्लायडर! दहा माणसे नेऊ शकेल असे ते सैनिकी ग्लायडर होते आणि त्याचे नाव होते जी-१. त्याचे पुढे मोठे उत्पादन झाले नाही, पण भारतीय माणसाने कागदावर काढलेली रेघ प्रत्यक्ष हवेत तरंगली, हे काही थोडे नव्हे. १९४२ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला. त्याची घडी बसविली तीही घाटग्यांनीच.

मग स्वातंत्र्य आले. नव्या देशाला वैमानिक हवे होते, आणि वैमानिक घडवायला शिकाऊ विमान हवे होते. घाटगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचटी-२ आखले. धातूचे, खाली पंखांचे, मागे-पुढे दोन आसनांचे. शिष्य आणि गुरू दोघांच्याही हाती सुकाणू. १९५१ च्या ऑगस्टमध्ये ते प्रथम उडाले. पुढे सुमारे १७० विमाने तयार झाली, आणि हवाई दलाच्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्यांनी त्याच्यावरच धुळाक्षरे गिरविली. घाना देशाचे हवाई दल उभे राहिले तेव्हा त्यानेही आपल्याकडून १२ एचटी-२ घेतली.

यानंतर आले ते विमान, ज्यामुळे मला ही गोष्ट दिवाळीत सांगाविशी वाटली. उड्डाण मंडळांतील विद्यार्थ्यांना परवडेल असे हलके, सोपे विमान हवे होते. वर पंख, आत शेजारी शेजारी दोन जागा, आणि इंजिन केवळ ९० अश्वशक्तीचे. १९५८ च्या सप्टेंबरात ते उडाले आणि त्याचे नाव ठेवले 'पुष्पक'. रामायणातल्या पुष्पकात कितीही माणसे बसली तरी एक जागा रिकामी राही, असे म्हणतात. या पुष्पकात दोनच माणसे मावत. तिसऱ्याला खालीच थांबावे लागे! पण देशोदेशी नव्हे तरी गावोगावच्या मंडळांत कित्येक तरुणांनी आकाशाची पहिली ओळख त्याच्याच खिडकीतून करून घेतली.

त्याच सुमारास एक जर्मन पाहुणाही बंगळूरला येऊन राहिला होता. कुर्ट टांक. युद्धकाळातील नामांकित लढाऊ विमानाचा हा रचनाकार विद्यार्थिदशेत बर्लिनच्या ग्लायडर मंडळात रमलेला. १९५६ पासून त्याने आपल्या लोकांसह 'मरुत' हे जेट लढाऊ विमान आखले. जेट बांधण्याआधी त्याने काय करावे? त्याच मापाचे एक लाकडी ग्लायडर बांधले, १९५९ मध्ये डाकोटा विमानाने ते ओढून वर नेले आणि त्याचे गुणदोष पारखले. मग १७ जून १९६१ रोजी खरे मरुत उडाले. वासेरकुप्पेच्या डोंगरावरची रीत अशी बंगळूरला येऊन पोचली. घाटग्यांच्या मंडळींनीही मागे न राहता 'किरण' हे जेट शिकाऊ विमान १९६४ मध्ये उडविले. १९६५ साली घाटग्यांना पद्मश्री मिळाली.

दिल्लीकडे रामामृतम् यांनी ग्लायडर आखले, त्यांची नावे तर ऐकण्यासारखी आहेत : अश्विनी १९५८ मध्ये, रोहिणी १९६१ मध्ये, कार्तिक १९६३ मध्ये. जणू नक्षत्रेच जमिनीवर उतरली! आणि पुण्याजवळ हडपसरला ग्लायडरचे केंद्र उभे राहिले, तेथे आपली मराठी मुलेही घारीची विद्या शिकली.

गोष्टीचा शेवट मात्र थोडा अवघड आहे, आणि तोच मला नातवाला सांगायचा होता. 'वैमानिक शास्त्र' या नावाचा एक संस्कृत ग्रंथ प्राचीन म्हणून दाखविला जातो, आणि तळपद्यांच्या कथेचा धागा त्याच्याशी जोडला जातो. १९७४ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी तो बारकाईने तपासला. ग्रंथ विसाव्या शतकातलाच असून त्यातली विमाने उडूच शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्या अभ्यासात संस्थेचा विमानविद्या विभागही होता. ज्याची घडी हसूरचंपूच्या विष्णु माधव घाटग्यांनी बसविली होती, तोच हा विभाग! योगायोग असा की मराठी माणसाने लावलेल्या झाडाच्या सावलीतच आपल्या लाडक्या कथेचा निवाडा झाला.

तळपद्यांची हौस खोटी होती असे मी म्हणत नाही. हौस खरीच असावी. पण न झालेल्या उड्डाणाच्या अभिमानापायी झालेल्या उड्डाणांचा माणूस आपण विसरलो, हा आपला दोष आहे. घाटगे ६ डिसेंबर १९९१ रोजी वारले. त्यांचे नाव किती घरांत ठाऊक आहे, हे वाचकांनी आपल्याच घरी विचारून पाहावे.

नातवाला हे सारे सांगितले. त्याने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "मग आजोबा, तुम्ही इतकी वर्षे ती दुसरी गोष्ट कां सांगत होता?"

मी म्हणालो, "चुकलो रे बाबा."

तो थोडा वेळ विचारात पडला. मग म्हणाला, "बरं. पण ते विमान अजून पत्र्यावरच आहे."

आम्ही दोघे शिडी घेऊन निघालो. ते काढले, एक पंख दुमडला होता तो सरळ केला, आणि पणत्या लागायच्या आत गच्चीवरून पुन्हा सोडले.