४९/९१

सहावीत गणिताच्या पेपरात मी ४९/९१ हे उत्तर तसंच लिहून आलो होतो. एक मार्क गेला. ९१ ला कशाने भाग जातो म्हणून बाईंशी वाद घातला, त्यांनी तांबड्या शाईत ७/१३ लिहिलं आणि विषय संपला.

परवा शनिवारी जुन्या चिनी गणितावर वाचत बसलो होतो, तर हाच अपूर्णांक समोर! 'गणिताचे नऊ अध्याय' नावाचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ. पहिला अध्याय शेतांच्या मोजणीचा, आणि त्यातलं सहावं उदाहरण ४९/९१ ला संक्षिप्त रूप द्या. उडालोच.

आपण शाळेत मूळ अवयव पाडून मसावि काढतो, म्हणजे ९१ = ७ × १३ हे आधी सुचायला हवं. इथे काही सुचावं लागत नाही. अंश-छेद दोन्ही सम असतील तर निम्मे करा. नसतील तर मोठ्यातून लहान वजा करत राहा, दोन्ही सारखे होईपर्यंत. ९१ - ४९ = ४२, ४९ - ४२ = ७, मग ४२ मधून ७ वजा करत गेलं की उरतात ७ आणि ७. या ७ ने दोघांना भागा. बास!

वजाबाकीची ही युक्ती युक्लिडनेही इ.स.पू. ३०० च्या सुमारास लिहिली, पण त्याला सिद्धता हवी होती. चिनी मंडळींना शेतं मोजायची होती. १९८३-८४ मध्ये हूबेई प्रांतात एका थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवरचं गणित सापडलं, इ.स.पू. १८६ च्या आसपासचं. त्यातही १६२/२०१६ चे ९/११२ केलेत. थडगं एका सरकारी अधिकाऱ्याचं मानतात. म्हणजे आपल्यासारखाच नोकरदार!

ल्यू ह्वी नावाच्या टीकाकाराने इ.स. २६३ मध्ये कारणही दिलं: २/४, ४/८ आणि १/२ एकच, पण अवजड अपूर्णांक वापरायला कठीण.

हे मला पहिल्या नोकरीत कळलं. एका प्रोजेक्टमध्ये हिस्से अपूर्णांकात ठेवले होते. प्रत्येक बेरजेला छेदांचा गुणाकार, काटाकाटी कोणीच करत नव्हतं (कोड माझाच). आकडे ३२ बिटांत मावेनात आणि एका भागीदाराचा हिस्सा चक्क ऋण आला! दोन रात्री गेल्या. शेवटी मसाविचं दहा ओळींचं फंक्शन टाकलं, १९६७ मध्ये स्टाइनने प्रसिद्ध केलेल्या पद्धतीचं. भागाकार नाही, फक्त निम्मं करणं आणि वजाबाकी, कारण निम्मं करायला कॉम्प्युटरला नुसते बिट सरकवावे लागतात.

तेव्हा ते मला फार आधुनिक वाटलं होतं.