नवे टायर पुढें कीं मागें?

रत्नागिरी जिल्ह्यांतील दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर वसलेलें मुरुड हें महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें गांव म्हणून सर्व महाराष्ट्राला ठाऊक आहे. सन १८७५ मध्यें कुमारवयीन धोंडोपंत पब्लिक सर्व्हिसच्या परीक्षेकरितां या गांवाहून साताऱ्यास निघाले, ते कुंभार्ली घाटाच्या वाटेनें, पायींच. शंभर मैलांहून अधिक लांबीची ती वाट तुडवून ते साताऱ्यास पोंचले, आणि वयानें लहान दिसतात या सबबीवर परीक्षेस बसण्याची परवानगी त्यांस नाकारण्यांत आली. त्या काळीं या भागांतून घाटावर जाण्याचें नेहमींचें चाक म्हणजे बैलगाडीचेंच. हर्णै बंदरांत लागणाऱ्या आगबोटी पावसाळ्यांत बंद असत, आणि मग तांबड्या चिखलाची वाट हाच एक मार्ग उरे.

त्या बैलगाडीला आस एक व चाकें दोन. चाकाच्या लांकडी घेरावर लोहार तापवून लाल केलेली लोखंडी धाव चढवी आणि वर पाणी ओतून ती आंवळून घेई. नवी धाव पुढच्या आसाला घालावी कीं मागच्या, असा प्रश्न गाडीवानाच्या स्वप्नांतहि येण्याचें कारण नव्हतें. तो प्रश्न चार चाकांच्या मोटारीबरोबर आला. चार टायर झिजूं लागले आहेत आणि दोनच बदलण्याइतकी ऐपत तूर्त आहे, अशा प्रत्येक गृहस्थापुढें तो आजहि उभा राहतो. दोन नवे टायर पुढें बसवावे कीं मागें? बहुतेकांचें उत्तर ‘पुढें’ असें येतें. हें उत्तर कोठून आलें, एके काळीं तें योग्य कां होतें आणि आतां तें धोक्याचें कां ठरलें, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

हवेनें फुगविलेल्या चाकाचें पहिलें पेटंट रॉबर्ट थॉमसन यानें १८४५ मध्यें घेतलें. परंतु ती कल्पना लोक विसरून गेले. पुढें १८८८ मध्यें बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलप यानें ती नव्यानें शोधून काढली, आणि १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतींत मिशेलिन बंधूंनीं हवेच्या टायरांवर मोटार चालवून दाखविली. हे आरंभींचे टायर बाहेरून गुळगुळीत असत. ओल्या रस्त्यावर गाडीची शेपटी एका बाजूस सरकणें हें त्या वेळच्या मोटारवाल्यांचें नित्याचें दुखणें होतें; कारण बहुतेक गाड्यांना ब्रेक मागच्या चाकांनाच असत, आणि चारहि चाकांना ब्रेक लावण्याची पद्धत १९२० नंतरच्या दशकांत रूढ झाली. १९०८ मध्यें फायरस्टोन कंपनीनें टायरच्या पृष्ठभागावर ‘नॉन स्किड’ हीं अक्षरेंच उठावानें कोरून, त्यांच्या कडांनीं रस्ता पकडावा अशी युक्ति केली.

तथापि टायर फुटण्याचें भय घसरण्याच्या भयाहून मोठें होतें. जुन्या टायरांत सुती दोऱ्यांचे थर तिरकस एकमेकांवर बसविलेले असत आणि आंत रबरी ट्यूब असे. उन्हाळ्यांत, भरल्या गाडीखालीं, असा टायर तापून एकाएकीं फुटे. मागचा फुटला तर गाडी डगमगे. पुढचा फुटला तर सुकाणूचें चाकच हातांतून हिसकलें जाई. त्यामुळें ‘उत्तम टायर पुढें’ हा नियम अनुभवानें बनला, आणि त्या टायरांच्या बाबतींत तो शहाणपणाचा होता.

महाराष्ट्रांत या नियमाला सर्वांत मोठा आधार मिळाला तो एस. टी.चा. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर ही पहिली एस. टी. गाडी धांवली, आणि पुढें ही लाल गाडी खेड्याखेड्यांत पोंचली. बसच्या पुढच्या आसाला दोन्ही बाजूंस एकेकच टायर असतो, तर मागच्या आसाला जोडीजोडीनें चार असतात. मागच्या जोडींतील एक गेला तरी दुसरा भार सांभाळतो. पुढच्याला असा सोबती नाहीं. म्हणून नवा टायर पुढें घालावयाचा, आणि झिजल्यावर त्यावर रबराचा नवा थर चढवून तो मागें वापरावयाचा, हा बसचा शिरस्ता आहे. तो अगदीं योग्य आहे. गाडी हांकणारे आणि दुरुस्त करणारे यांच्या तोंडून तोच शिरस्ता घरगुती मोटारींत आला. मात्र बसला जोडटायर आहेत व मोटारीला नाहींत, हा भेद वाटेंत गळून पडला.

दरम्यान शास्त्र पुढें गेलें होतें. रोल्स-रॉइस सोडून अमेरिकेंत जनरल मोटर्सकडे गेलेला मॉरिस ऑली हा इंग्रज इंजिनिअर १९३० नंतरच्या दशकांत वळणावरील मोटारीच्या वर्तनाचा अभ्यास करीत होता. वळणावर पुढच्या चाकांची पकड आधीं सुटते कीं मागच्या, यावर गाडीचा सारा स्वभाव ठरतो, ही गोष्ट अशा अभ्यासांतून स्पष्ट झाली. पहिल्या प्रकाराला अंडरस्टिअर व दुसऱ्याला ओव्हरस्टिअर अशीं नांवें पडलीं.

हा भेद समजण्यास दापोलीहून आसूदमार्गें मुरुडास उतरणारा रस्ता डोळ्यांपुढें आणावा. आषाढांतील पाऊस आहे आणि उतारावर वळण आलें आहे. पुढच्या चाकांची पकड सुटली तर गाडी पुरेशी वळत नाहीं, सरळ जाऊं पाहते. हेंहि भयावहच, परंतु चालकाच्या हातांना सुकाणू हलकें झाल्याचें तात्काळ कळतें. तो स्वाभाविकपणें अॅक्सिलरेटरवरील पाय उचलतो, वेग उतरतो, भार पुढें येतो आणि पकड बहुधा परत मिळते. याउलट मागची पकड सुटली तर गाडीची शेपटी बाहेर फेंकली जाते. येथें तीच स्वाभाविक कृति घात करते. पाय उचलतांच अथवा ब्रेक दाबतांच भार पुढें जातो, मागचीं चाकें आणखी हलकीं होतात व गाडी आडवी फिरते. सुकाणू उलट बाजूस वळवून ती सांवरण्याची कला कसलेल्या शर्यतवाल्यांस साधते. मुलांबाळांसह देवदर्शनास निघालेल्या गृहस्थाला ती क्षणार्धांत साधेल, ही आशा व्यर्थ होय.

पाण्याचा प्रश्नहि असाच आहे. टायरवरील खांचा शोभेसाठीं नसून रबराखालचें पाणी बाहेर काढण्यासाठीं असतात. त्या झिजल्या म्हणजे पाणी अडतें आणि विशिष्ट वेगानंतर चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगूं लागतें. अमेरिकेच्या नासा या संस्थेंतील हॉर्न व ड्रेहर यांनीं १९६३ मध्यें या प्रकाराचें गणित प्रसिद्ध केलें. त्यानुसार ३० पौंड हवा असलेला टायर साचलेल्या पाण्यावर ताशीं सुमारें ९० किलोमीटर वेगाला पूर्ण तरंगतो. पकड कमी होऊं लागते ती त्याच्या पुष्कळ आधीं. चांगल्या खांचांना हें पाणी वेळीं बाजूस सारतां येतें, गुळगुळीत टायरला येत नाहीं.

मिशेलिननें १९४९ मध्यें बाजारांत आणलेल्या रेडियल टायरनें जुन्या नियमाचा पाया आणखी ढासळला. पोलादी पट्ट्यांचा हा टायर कमी तापतो, म्हणून त्याच्या फुटण्याचें भय कमी झालें. रेडियलची पकड जुन्या टायरांहून सरस; म्हणून ब्रिटनमध्यें पुढें रेडियल व मागें जुन्या पद्धतीचे टायर लावण्यास कायद्यानेंच बंदी झाली. सरस पकड मागें हवी, हेंच तत्त्व त्यामागें होतें.

भारतांत या प्रश्नाला धार आली ती डिसेंबर १९८३ मध्यें मारुती ८०० रस्त्यावर आल्यानंतर. अॅम्बेसेडर व फियाट या गाड्यांत इंजिनाची शक्ति मागच्या चाकांना मिळे. मारुतींत मात्र पुढचींच चाकें गाडी ओढतात, वळवितात आणि थांबविण्याचा अधिक भारहि उचलतात. साहजिकच पुढचे टायर लौकर झिजतात. मालक पाहतो तों पुढचे गुळगुळीत झालेले, मागचे अर्धेमुर्धे शिल्लक. तो झिजले तेथेंच नवे घालतो. मग पुढचा भाग पावसांत रस्ता घट्ट धरतो, चालकाला सर्व कांहीं ठीक वाटतें, आणि मागच्या चाकांची दुर्बलता वळण येईपर्यंत त्याला कळतच नाहीं.

पुढचीं चाकें इतकीं कामें करतात तर नवे टायर त्यांनाच कां देऊं नयेत, असा आक्षेप घेतला जातो, आणि त्यांत तथ्य आहे. नवे टायर पुढें असल्यास सरळ रस्त्यावर गाडी कांहींशा कमी अंतरांत थांबूं शकेल. परंतु पुढची उणीव चालकाला आधीं सूचना देते. मागची देत नाहीं. म्हणून मागचे बरे टायर पुढें आणावे आणि नवी जोडी मागें बसवावी, हाच निर्णय योग्य होय. मग गाडी पुढच्या चाकांनीं ओढली जाणारी असो वा मागच्या चाकांनीं ढकलली जाणारी. अर्थात् उरलेले दोन टायरहि खांचांतील १.६ मिलिमीटर उंचीच्या खुणेपर्यंत झिजले असतील, तर पुढें-मागें करण्यांत अर्थ नाहीं. चारहि बदलले पाहिजेत. चारहि चाकांना शक्ति देणाऱ्या गाड्यांनाहि चार सारखेच टायर हवेत. आणि दर आठ-दहा हजार किलोमीटरांनीं टायरांची अदलाबदल होत राहिली, तर चारहि बरोबरच झिजतात व हा पेंचच सहसा पडत नाहीं.

मुरुडच्या वाटेवर पावसाळ्यांत आजहि पुढें नवे टायर घातलेली एस. टी. आणि मागें नवे टायर घातलेली घरगुती मोटार एकमेकींस बाजू देऊन जातात. दोघींचे चालक आपापल्या ठिकाणीं बरोबर असतात. चूक होते ती एकीचा नियम दुसरीला लावला म्हणजे.